दाब आणि ढकल

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज घरात आलेलं: शेकायची रबरी पिशवी एक, १६० रुपये (दुकानदार १८० वर अडून होता). प्लास्टिकचे मुखवटे दोन, वनविभागाकडून, फुकट. शिट्टी एक, तीही वनविभागाची, ह्यांच्या गळ्यात. ही वही, शंभर पानी, फरहत मॅडमकडून, फुकट. मूल गावाची एसटी, जाऊन-येऊन, माझं आणि गिरजाबाईचं अर्ध्या तिकिटात ६० रुपये.

वही दुखण्याची आहे, पहिल्याच पानावर हिशेब नको होता. पण कोरं पान समोर आलं की माझा हात आधी भावच लिहितो.

फरहत मॅडम बल्लारपूरची मुलगी, वडील पेपर मिलमध्ये. फिजिओथेरपीचं मोठं शिक्षण घेते. तिला कॉलेजात प्रबंध द्यायचा आहे: मानेत आणि खांद्यात जी गाठ धरते ती हाताच्या कोणत्या पद्धतीने लवकर सुटते. त्यासाठी चाळीस बाया पाहिजेत. मूलच्या दवाखान्यातली मागची खोली, सोमवार आणि गुरुवार, चार आठवडे. पद्धती दोन. एकीत अंगठ्याने गाठ दाबून धरतात. दुसरीत मॅडम डोकं धरते आणि बाईने डोक्याने तिच्या हाताला ढकलायचं, मग सोडायचं, मग ती मान ताणते. तिची इंग्रजी नावं माझ्याने लिहिली जात नाहीत. आम्ही दाब आणि ढकल म्हणतो.

कोणाला काय ते डब्यातल्या चिठ्ठीवर. मला दाब आला, गिरजाबाईला ढकल. गिरजाबाई माझी मोठी जाऊ. भासरे, म्हणजे तिचे यजमान, वारले तेव्हापासून आमच्यातच जेवते. तिने लगेच तोंड उघडलं.

"मॅडम, आम्ही दोघी एका चुलीवरच्या. एकच चिठ्ठी द्या ना दोघींले."

"काकू, डब्यात काय आहे ते मलाही दिसत नाही," मॅडम म्हणाली. "माझ्या मनाने दिलं तर प्रबंध कचऱ्यात जाईल."

मी दहावी पास म्हणून मला वही. रोज एक आकडा लिहायचा: काहीच दुखत नाही तर शून्य, सहन होत नाही तर दहा. मॅडमला आकडेच हवेत, ते मी दर वेळी तोंडी सांगेन आणि शेवटी उतरवून देईन. बाकीचं माझं.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, नस दबलेली नाही म्हणाले. मी मान हलवली. पण आईला लकवा झाला त्याच्या आधी तिच्याही हाताला अशाच मुंग्या यायच्या. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगितलं तर होईल असं वाटलं.

दुखणं: ७

सोमवार, १० नोव्हेंबर

पहिला दाब. मॅडमने उजव्या खांद्यावर बोट फिरवलं आणि बरोब्बर गाठीवर थांबली. सुपारीएवढी आहे म्हणे. अंगठा ठेवून दीड मिनिट धरला. आधी डोळ्यात पाणी आलं, कळ कानामागे चढली. मी नाम घेत राहिले. मग गाठ विरघळल्यासारखी झाली आणि कळ आपोआप उतरली. असं चार वेळा.

त्याआधी मापं घेतली. मान डावीकडे सत्तर वळते, उजवीकडे बावन्न. कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं काही लावून मोजते.

"ताई, काम करताना मान एकाच बाजूला वळवता का?"

"नाही. धान कापताना मान खाली. भारा नेताना सरळ."

"टीव्ही? झोपताना?"

"टीव्ही बंद आहे. झोपते पाठीवर."

तिने ते सगळं लिहून घेतलं.

येताना बसमध्ये खूप हलकं वाटलं. फाट्यावर हे घ्यायला आले होते.

दुखणं: ४

बुधवार, १२ नोव्हेंबर

ह्यांचं नाव वनविभागाच्या टोळीत आहे हे लिहायचं राहिलं. दसऱ्यापासून आमच्या धानाच्या बांधीमागच्या नाल्यात एक वाघीण दोन पिल्लं घेऊन राहते. (हे नाव एकदाच लिहिते. सासूबाई घरात नाव घेऊ द्यायच्या नाहीत. यापुढे 'ती'.) शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, मंगली झाडूचं गवत कापायला गेली आणि परत आलीच नाही. तेव्हापासून गावातले पाच जण पाळीपाळीने रोज जातात: काठी, शिट्टी, पंजे पाहायचे, कॅमेऱ्याच्या पेट्या पाहायच्या, आणि लोक कापणीत असले की मधे उभं राहायचं. ती आणि लोक यांच्या मधे. त्या पाचांत हे एक, नथ्थूभाऊ एक.

आज आम्ही अकरा जणी कापायला. मुखवटा डोक्याच्या मागे बांधायचा. तिला वाटतं माणूस आपल्याकडे पाहतो आहे, मग ती मागून येत नाही, अशी सूचना आहे. माझ्या मुखवट्याला मिशी आहे.

"माधवी, तू मागूनच बरी दिसते वो," गिरजाबाई म्हणाली. "मिशी शोभते तुले."

"तुमच्यावाला मुखवटा हसून राह्यला बाई."

"हसन नाई त काय करन. समोरून पाहून पाहून लोक कंटाळले, मागून तरी नवीन पाहू दे."

सगळ्या हसल्या. मीही. पण मुखवट्याला डोळे असले तरी त्याला काही दिसलं तर तो मला कसं सांगणार? म्हणून मी दोन मुठी कापल्या की एकदा पाहून घेते. नाला आमच्या बांधीच्या उजव्या अंगाला आहे.

हे आज नाल्यातच होते, कॅमेरे बदलायला. अडीचला गेले, साडेपाचला शिट्टी ऐकू आली.

दुखणं: ८. दाब उतरला असावा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज ह्यांची सुट्टी, टोळीत नथ्थूभाऊची पाळी. हे अंगणात मचाणाखालची खाट विणत बसले होते.

गिरजाबाईने चुलीजवळ बसून ढकल दाखवली. तिला काल दुसऱ्यांदा मिळाली. म्हणते, दुखत नाही, उलट झोप येते. माझं डोकं डावीकडे कलवून तिने कानावर तळवा ठेवला.

"आता ढकल मले. जोर नको लावू, म्हशीले ढकलून राह्यली का? थोडंसंच. दहा मोज. आता श्वास सोड. सोड म्हनतो त सोडतच नाई वो हे."

मग तिने मान ताणून धरली. खरंच बरं वाटलं. मग मी तिच्या खांद्यावर अंगठा ठेवून दाब दिला. ती "मेली मेली" ओरडली, आणि मग म्हणाली, "सुटली वो! ते ढकलीनं राह्यलं होतं थोडं, ते सुटलं."

मॅडमने सांगितलं होतं, महिनाभर दुसरा इलाज नको. मालिशवालीकडे जायचं नाही, मान कडकड वाजवून घ्यायची नाही. पण ढकल काही दुसऱ्याची नाही, मॅडमचीच आहे. दोघींचं मिळून साठ रुपये तिकीट जातं. एका तिकिटात दोन्ही इलाज घरात येत असतील तर अर्धा फुकट का घालवायचा? रोज दुपारी करायचं ठरलं.

दुखणं: २

गुरुवार, २० नोव्हेंबर

दवाखान्याच्या व्हरांड्यात आता दाबवाल्या एका बाकावर, ढकलवाल्या दुसऱ्यावर. जसे दोन पक्ष.

"आमच्यात रडायचं कामच नाई," पलीकडची एक म्हणाली. "तुमचा नंबर लागला का बकरं कापल्यावानी आवाज येते."

"रडलं तेच निघते," आमच्यातली म्हणाली. "तुमचं त कुरवाळनं आहे. कुरवाळून गाठ जाते?"

"नवऱ्यानं कुरवाळलं असतं त गाठ झालीच नसती, बाई."

मॅडम दारात आली तशा सगळ्या गप्प. गिरजाबाई दोन्ही बाकांच्या मधे बसली होती. मला डोळा मारला.

मान उजवीकडे एकसष्ट वळली. मॅडम खूश. मीही. हाताच्या मुंग्याही कमी आहेत. आठ दिवस हे गावातच होते, ग्रामपंचायतीच्या सर्व्हेला माणूस हवा होता म्हणून.

दुखणं: ३

रविवार, २३ नोव्हेंबर

आपल्या धुऱ्यावर, बांधीच्या बांधावर, पंजे. मोठे आणि दोन लहान. ह्यांनी गोल आखून ठेवले, वर टोपली पालथी घातली, साहेब येईपर्यंत. मी डबा द्यायला गेले होते, तिथेच उभी राहिले. एका पंज्यात पाणी भरलेलं होतं, म्हणजे फार वेळ झाला नव्हता असं नथ्थूभाऊ म्हणाले. हे म्हणाले, घरी जा. मी मागे पाहत पाहत आले.

पिशवीने दोनदा शेकलं. गिरजाबाईने ढकल दिली, मीच स्वतःला डाव्या अंगठ्याने दाब दिला. काही नाही.

दुखणं: ९

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पहाटे घट मांडला, आंब्याचा डहाळा, पाच फळं (केळी घरची, बाकी ७० रुपये). ह्यांच्या हाताने कुंकू लावून घेतलं. निर्जळी उपास धरून मी मूलला गेले.

मॅडमने आज छापील कागद वाचून दाखवला. मधल्या तपासणीचा. शेवटी प्रश्न होता: मागच्या पंधरा दिवसांत ठरवून दिलेल्या पद्धतीशिवाय मान-खांद्यावर दुसरी कोणती पद्धत, घरी किंवा बाहेर, करून घेतली का?

दुसरी पद्धत. घरी किंवा बाहेर.

तेव्हा मला कळलं. मॅडम पेन घेऊन पाहत होती. मागे बाया थांबल्या होत्या. गिरजाबाई माझ्या आधी आत जाऊन आली होती, म्हणजे ती काहीतरी बोललीच असणार, आणि मी वेगळं बोलले तर ती खोटी पडणार.

मी "नाही" म्हणाले. मॅडमने खूण केली आणि मला सही करायला दिली. मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, माधवी सोमाजी.

बाहेर आल्यावर गिरजाबाईला विचारलं. ती म्हणाली, "मी बी नाई म्हनलं. त्यात का एवढं? बरं होऊन राह्यलं नं आपलं."

उपासाच्या दिवशी, त्यांच्या नावाने घट मांडलेला असताना, त्यांचं नाव लिहून मी खोटी सही केली. संध्याकाळी पोथी वाचताना दोनदा ओळ चुकली. आरतीच्या वेळी ज्योत विझली. वारा होता. दार उघडं होतं, वाराच होता.

दुखणं: ८

शनिवार, २९ नोव्हेंबर

सकाळी ह्यांना चहा देताना मी म्हणाले, "टोळीतून नाव काढून घ्या."

"काऊन?"

"असंच."

"असंच कोनी नाव काढते का? मी नाई गेलो त नथ्थू एकटा जाईन. त्याची पोरगी लहान आहे."

"आपलीही आहे, करिष्मा."

"करिष्मा चंद्रपूरले होस्टेलात आहे, तिले कोनतं जनावर खाते? मेसचं वरन खाईन तिले." ते हसले. मग माझ्याकडे पाहून थांबले. "ते काही वाईट नाई, करिष्माची माय. पोरं घेऊन बसली आहे बिचारी. आपन तिले रस्ता देतो, ती आपल्याले देते. मंगलीच्या वेळी मधे कोनी नव्हतं म्हनून झालं."

मला म्हणायचं होतं की आता मधे तुम्ही आहात म्हणूनच. पण अपशकुनी बोलणं आहे. काठी हातात दिली.

त्यांना मी सही केल्याचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, एवढ्याने काही होत नाही. त्यांना असंच वाटतं, सगळ्याच बाबतीत.

ढकल बंद केली परवापासून. दुपारी गिरजाबाई तळवा घेऊन आली तर म्हटलं, नको. ती रुसली. म्हणाली, "दहावी शिकली म्हनून भेवते. मी अडानीच बरी."

दुखणं: ८

सोमवार, १ डिसेंबर

आज खरं सांगायचं ठरवून गेले होते. बसमध्ये वाक्य पाठ केलं: मॅडम, आमच्याकडून चूक झाली, आमचे दोघींचे आकडे काढून टाका.

पण तिने मला बसवलं आणि आधी कॉम्प्युटरवर रेघा दाखवल्या. प्रत्येक बाईची एक रेघ. बहुतेक जिन्याच्या पायऱ्यांसारख्या खाली उतरतात. गिरजाबाईची तर सरळ घसरगुंडी. माझी करवतीसारखी.

"ताई, हे बघा. चौदा तारखेला दोन. तेविसला नऊ. आता आठ. माझा दाब तर दर वेळी तोच आहे. त्या दिवशी घरी काही झालं होतं का?"

तिला रेघेत दिसलं असेल, असंच वाटलं. जिथे ढकल चोरून घेतली तिथे खाली गेली, जिथे बंद केली तिथे वर. रेघेने चोरी दाखवली.

"काही नाही. कापणी चालू होती."

"तुमच्या मिस्टरांचं काम काय?"

"वनविभागाच्या टोळीत. आणि शेती."

तिला अजून काही विचारायचं असावं, पण बाहेर बारा बाया होत्या. पालथी झोपले तेव्हा म्हणाली, "ताई, खांदे सोडा."

"सोडलेलेच आहेत."

तिने तळवे ठेवून दोन्ही खांदे हळूच खाली ओढले. बरेच खाली गेले. इतके वर होते हे मला माहीतच नव्हतं.

"आता असेच ठेवा," ती म्हणाली. दाब संपेपर्यंत राहिले. बसमध्ये बसले आणि जंगलाचा पट्टा लागला तेव्हा पाहिलं तर पुन्हा वर.

वाक्य पाठच राहिलं.

दुखणं: ७

गुरुवार, ४ डिसेंबर

दुसरा गुरुवार. शेवटचा दाब. मॅडमने सगळ्यांना राजगिऱ्याचे लाडू दिले, उपासवाल्यांना चालतील म्हणून मुद्दाम आणले होते. तिच्या ह्या विचाराने मला आणखी लाज वाटली. म्हणाली, दहा दिवसांनी पुन्हा आकडे लागतील, इलाज थांबल्यावर टिकतं का ते पाहायला. ती कॉलेजात परत जाते आहे, पत्ता लिहिलेलं पाकीट पाठवेल.

गिरजाबाईचं दुखणं शून्य. भारा उचलून दाखवते येणाऱ्या-जाणाऱ्याला.

दुखणं: ७

सोमवार, ८ डिसेंबर

पोस्टमनने मॅडमचं पाकीट आणून दिलं. वर तिकीट लावलेलं, पत्ता छापलेला, माझा खर्च काही नाही. सोबत चिठ्ठी: फोनवर आकडे सांगितले तरी चालतील, पण कागद आला तर बरं, सरांना दाखवता येतो.

फोन नंबर माझ्याकडे आहे. पण फोनवर माझ्याकडून कबूल होणार नाही. पलीकडून ती "ताई" म्हणाली की मी पुन्हा "नाही" म्हणेन.

नाल्यातल्या तिला पकडायची परवानगी आली आहे असं म्हणतात. डॉक्टर, पिंजरा, गाडी सगळं येणार. तोवर टोळी दिवसभर नाल्यावर. हे सकाळी सातला जातात. मी मळणीच्या जागेवरून नाल्याकडचे पळस मोजते. सतरा आहेत.

दुखणं: ९

गुरुवार, ११ डिसेंबर (चंद्रपूरच्या दवाखान्यात, बाकावर)

ते जिवंत आहेत. हे आधी लिहिते.

काल दुपारी सव्वातीन. मी बांधीतून भारा घेऊन पुंजण्याकडे, धानाच्या गंजीकडे, चालले होते. नाल्यातून शिट्टी आली, तीन वेळा, मग लांब. तीन म्हणजे माणूस तिच्या तावडीत सापडला. कोण ते शिट्टीत कळत नाही.

मी पळाले. किती पळाले कोण जाणे, गिरजाबाई मागून ओरडत होती, "भारा टाक! माधवी, भारा टाक वो!" तिने मागून येऊन ओढला तेव्हा कळलं की डोक्यावर भारा तसाच होता.

पिल्लं धुऱ्याच्या अलीकडे आली होती आणि पलीकडच्या बांधीत दोघी बाया कापत होत्या. हे मधे गेले. ती आली. काठी आडवी धरली म्हणून पंजा मांडीवर बसला, नाहीतर छातीवर होता. नथ्थूभाऊने डबा वाजवत तिच्या अंगावरच धाव घेतली. ती पिल्लं घेऊन वळली.

हे पळसाला टेकून बसले होते. धोतरातून रक्त. मला पाहून म्हणाले, "तू काऊन आली इकडं? मुखवटा कुठी आहे तुझा?"

गाडी नाल्यापर्यंत येत नाही. मचाणाखालची खाट घेतली. टोळीतले दोघे मागे डबे वाजवत उभे राहिले, ती परत वळली तर. खाटेला चार खांदे हवे होते. नथ्थूभाऊ, वनरक्षक, पलीकडच्या बांधीचा एक माणूस. चौथा मी दिला. उजवा, कारण मी डावीकडच्या पायाशी होते. रस्त्यापर्यंत एक किलोमीटर तरी असेल, वनरक्षक दोनदा म्हणाले, बाई, बदलू का. मी नाही म्हणाले. हे खाटेवरून म्हणत होते, "हळू. खाट नवीन विणली आहे, रक्त लागलं."

एकोणीस टाके. इंजेक्शनं. हाड वाचलं. डॉक्टर म्हणाले, धोका नाही.

आज तिसरा गुरुवार. घट मांडला गेला नाही. गिरजाबाईने गावात मांडला असेल, तिला विधी सगळा येत नाही.

काल रात्रीचा आकडा मी आज लिहिते आहे, पण खोटा नाही. खांद्याला हात लावून, दाबून, मान दोन्हीकडे वळवून पाहिली. दुखणं: ०

शनिवार, १३ डिसेंबर

फरहत मॅडम यांस,

माधवी सोमाजीचा नमस्कार. आकडे उतरवून देणार होते. पण उतरवले तर मी त्यातही काही सोडून देईन याची मला भीती वाटते, म्हणून वहीच पाठवते आहे. पहिल्या पानावर हिशेब आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. चौदा नोव्हेंबरचं पान वाचा आणि सत्तावीसचं. तिथे सगळं आहे. आम्ही घरी दोन्ही केलं, मी दाब दिला आणि ढकल घेतली, आणि कागदावर नाही म्हटलं. सही माझी आहे. गिरजाबाईचीही तशीच आहे, पण तिला वाचता येत नाही, तुम्ही काय वाचलं ते तिला माझ्याइतकं कळलं नसावं, तेव्हा दोष माझ्याकडे लावा. चाळीसातल्या आम्ही दोघी काढून टाका. बाकी अडतीस बाया खऱ्या आहेत, मी व्हरांड्यात त्यांना विचारलं होतं.

मला तुमच्या प्रबंधाची भीती वाटते. त्याहून जास्त एका गोष्टीची वाटते ती लिहिते. सही गुरुवारी केली आणि तेराव्या दिवशी हे सापडले. गिरजाबाई म्हणते, असं नसतं, जनावराले का ठाऊक तुझी सही. तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीही तसंच म्हणाल.

दोन शंका आहेत.

दहा तारखेला मी डोक्यावर भारा घेऊन पळाले आणि उजव्या खांद्यावर खाट वाहिली, एक किलोमीटर. त्या संध्याकाळी दुखणं शून्य. वहीत दुसरा शून्य नाही. दाबाला थांबून सहा दिवस झाले होते आणि ढकलीला तेरा. मग हा शून्य कोणाच्या नावावर लिहायचा? खाटेने गाठ सुटली का? असं कुठल्या पुस्तकात आहे का?

दुसरी. काल सकाळी आम्ही घरी आलो. सकाळी आकडा दोन होता, मी ह्यांना पेज भरवत होते. गावातली माणसं भेटून गेली. दुपारी नथ्थूभाऊ आले, ती अजून पकडली गेली नाही म्हणाले, पिंजऱ्याजवळ येते आणि परत जाते. हे उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "टाके सुटले का येतो मी. तोपर्यंत माझी काठी कोनाले देऊ नोको." मी भांडी घेऊन आत गेले. तिथून खांदा धरला तो असा की आज हात वर होत नाही, वेणी गिरजाबाईने घातली. हे पत्र डाव्या हाताने कागद दाबून आणि थांबून थांबून लिहिते आहे. मुंग्या बोटांपर्यंत आहेत. गिरजाबाईने दाब दिला, ढकल दिली, आता लपवायचं काही नाही म्हणून दोन्ही दिलं. तिचा तळवा कानावर होता आणि ती म्हणत होती, सोड, सोड. मी खांदा सोडलेलाच होता.

दुखणं: १०. खाट वाहिल्याचं हे दोन दिवसांनी उठलं असेल का? की लकवा असाच येतो? माझ्या आईची गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती, ती पहिल्या पानावर आहे.

दुसऱ्या पाकिटाला लागेल म्हणून पाच रुपयांचं तिकीट आत ठेवलं आहे. त्यात दोनच ओळी पाहिजेत: प्रबंध टिकला का, आणि माझ्या खांद्याला आता कोणती पद्धत. परतीच्या टपालाने कळवा. उशीर नको मॅडम, ह्यांचे टाके बावीस तारखेला निघणार आहेत.